तिसावं बाक

१

लिफाफा सापडला सोमवारी सकाळी आठ वाजता. अभ्यासिकेत, तिसाव्या बाकाच्या तळाशी, रुंद चिकटपट्टीनं चिकटवलेला. वर लिहिलं होतं 'गणित, पूर्वपरीक्षा', आणि लाखेचं सील फोडलेलं होतं. त्या बाकावर खारूताई बसली होती. साडेआठला तिला शाळेतून काढायचं ठरलं, पावणेनऊला तिच्या वडिलांना फोन गेला आणि नऊला तिला माझ्याकडे आणून सोडलं. काढून टाकलेलं मूल वडील येईपर्यंत ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडला की या शाळेला आजारखोली आठवते.

मी इथली मेट्रन. बावीस वर्षं मुलांचे ताप मोजतेय. हजारो मुलं प्रवेशपरीक्षेला बसतात, त्यांतून दर वर्षी तीस घेतात आणि मग त्या तिसांना पुढची चार वर्षं पिळून काढतात. गेटवर पाटी आहे : सलग एकोणीस वर्षं शंभर टक्के निकाल. पालक आधी त्या पाटीपुढे मुलाचा फोटो काढतात आणि मग मुलाला सोडून जातात.

बाकांची भानगड आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दर शनिवारी सकाळी चाचणी. दोन वाजता यादी लागते आणि लगेच 'बदली' होते. प्रत्येकानं आपली पत्र्याची पेटी उचलायची आणि नव्या क्रमांकाच्या बाकावर जाऊन बसायचं. पहिलं बाक खिडकीपाशी, तिसावं दारात, चपलांच्या कपाटाला लागून. जेवायलाही त्याच क्रमानं. चाचणी बुडाली तर शून्य, मग कारण काहीही असो. ताप हा आमच्याकडे गैरहजेरीचा एक प्रकार आहे.

खारूताई एरवी तिसऱ्या बाकावरची. पुढचे दोन दात मोठे आणि पेटीत पेन्सिलींचे तुकडे साठवायची खोड, म्हणून ते नाव. शुक्रवारी तिला एकशे तीन ताप होता. शनिवारी सकाळी ती उठून चाचणीला निघाली तेव्हा मीच तिला दामटून झोपवलं. शून्य मिळालं, यादीत ती तिसावी लागली आणि रविवारी सकाळी ताप उतरला आणि संध्याकाळी अभ्यासिका उघडल्यावर ती पेटी घेऊन दारातल्या बाकावर गेली. थोडक्यात, तिला त्या बाकावर मी बसवलं.

उद्या दुपारी बारापर्यंत बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म जायचे होते. चोरीचा शेरा घेऊन आज बाहेर पडलेल्या मुलीला कोणती शाळा एका दिवसात घेणार? वर्ष बुडणार आणि शेरा कायमचा राहणार. वडील शिंपी, दुकान बंद करून निघाले होते. चार वाजेपर्यंत पोचणार होते.

माझ्या टेबलावर कालच्या चिठ्ठ्या खिळ्याला तशाच टोचलेल्या होत्या. कापसाची मागणी, एका मुलाचं आरोग्यपत्रक हवं म्हणून ऑफिसची आठवण, स्वयंपाकघरातल्या भाजलेल्या हाताची नोंद. एकही काम हातावेगळं झालं नव्हतं. खारूताई खाटेच्या कडेला बसून होती. रडत नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

"मेट्रन, मी नाही घेतला."

"मला माहीत आहे."

"कसं माहीत?" ती म्हणाली. "सिद्ध करा ना."

इथल्या मुलांना दुसरं काही शिकवलेलंच नाही. मी अंगावरचा एप्रन सोडला आणि ऑफिसकडे निघाले.

२

मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्राचार्या. खोली अशी नीटनेटकी की आत गेल्यावर आपलेच हात कुठे ठेवावेत कळत नाही. भिंतीवर शेवटच्या वर्षाच्या वर्गाचा लाकडी फळा आहे. त्यात तीस खाचा, प्रत्येक खाचेत एका मुलाचं कार्ड, बाकांच्या क्रमानं. कारकून स्टुलावर उभा राहून कार्डं बदलत होता. शनिवारी यादी लागते दोनला आणि ऑफिस बंद होतं एकला, त्यामुळे फळा दर सोमवारी सकाळी बदलतो.

"आटपा की," मोठ्या बाई त्याला म्हणाल्या. "दहा वाजले."

"सकाळच्या गोंधळात राहून गेलं, बाई." त्यानं तळाचं कार्ड ओढून एक खाच वर सरकवलं, खाली खारूताईचं लावलं आणि खाली मान घालून निघून गेला.

मी म्हटलं, "बाई, ती मुलगी असं करणार नाही. तिला गणितात चोरी करायची गरजच काय?"

"तिसाव्या नंबरवर आलेलं मूल काहीही करतं," त्या म्हणाल्या. "शनिवारी, रविवारी मी विश्वस्तांच्या बैठकीला बाहेरगावी होते. काल तीनला परत आले आणि आधी पेपरांचं कपाट उघडून पाहिलं. लिफाफा होता. आज सातला नव्हता. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक गणिताच्या सरांकडे. सरांची किल्ली कोटाच्या खिशात असते आणि काल चार वाजता ही मुलगी सरांच्या खोलीत वह्या ठेवायला गेली होती. आणखी काय हवं?"

"ती सरांच्या खोलीत रोजच वह्या नेते."

"मेट्रन." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वीस वर्षांच्या मेहनतीला डाग लागलाय. तिचे वडील चारला येतील. तोवर तुम्हाला काय चौकशी करायची ती करा, मी अडवत नाही. फक्त तिचं आरोग्यपत्रक तयार ठेवा."

मुलांची आरोग्यपत्रकं माझ्याकडे एका पत्र्याच्या खणात असतात. प्रवेशाच्या दिवशी आत जातात आणि मूल शाळा सोडतं त्याच दिवशी बाहेर निघतात. मधल्या काळात त्यांना कुणी हात लावत नाही. वरच्या कोपऱ्यात उंची, वजन, डोळ्यांचा नंबर आणि सगळ्यात खाली एक रकाना : जाण्याचे कारण.

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "मला आनंद होतोय असं समजू नका. ती मुलगी माझ्या पहिल्या तिघांतली होती."

आवाज खरोखरच फाटलेला होता. म्हणूनच मी गोंधळले.

३

सफाईवाली बाई जिन्यावर फडकं मारत होती. माझ्याएवढीच जुनी, आणि शाळेत काय चाललंय ते विश्वस्तांपेक्षा तिला जास्त ठाऊक.

"तो लिफाफा आधीपासून चिकटवलेला असेल का गं? चार-आठ दिवसांपासून?"

"काहीतरीच काय, मेट्रनबाई! शनिवारी बदली झाली की मी सगळी बाकं उलटी करते. ही हुशार पोरं खाली च्युइंगगम चिकटवतात ना. तीसच्या तीस बाकं सुरीनं खरवडली. तिसाव्याखाली तर सगळ्यात कमी निघालं. तिथं लिफाफा असता तर मला दिसला नसता होय?"

"मग?"

"मग कुलूप लावलं, किल्ली ऑफिसच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली. रविवारी संध्याकाळी सातला अभ्यासाला उघडलं, रात्री अभ्यास सुटल्यापासून सकाळपर्यंत किल्ली माझ्याच कनवटीला. रविवारी दिवसभर तिकडं कुणी चिटपाखरू फिरकत नाही."

तीनला लिफाफा कपाटात होता आणि सातला अभ्यासिका मुलांनी भरली. म्हणजे तीन ते सात. खारूताई त्या वेळात आजारखोलीत नव्हती, सुटीची मोकळी हिंडत होती. माझी साक्षही तिच्या कामाची नव्हती.

"झडती कशी झाली सकाळी?"

"मोठ्या बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, दाराकडून सुरुवात करा. पहिलंच बाक उलटं केलं आणि धपकन..." तिनं फडकं जिन्यावर आपटून दाखवलं. "बाई बिचाऱ्या पांढऱ्याफटक पडल्या. त्या पोरीकडे बघतच राहिल्या. मला वाटलं आता चक्कर येते की काय. लाडकी ना ती त्यांची!"

"आणि खारूताई?"

"ती काय करणार? ती पण बघतच राहिली. मेट्रनबाई, कुणीतरी दावा साधलाय तिच्यावर."

मलाही तेच वाटलं. आणि तिच्यावर दावा साधण्यात ज्याचा फायदा होता, असा एकच मुलगा शाळेत होता.

४

त्याला सगळे 'कायम' म्हणतात. कायम पहिला. चार वर्षांत त्याची पेटी खिडकीपासून हललेली नाही. गेल्या महिन्यात मात्र खारूताई त्याच्या एका गुणाच्या अंतरावर आली होती, तेव्हा त्यानं दोन दिवस जेवण टाकलं होतं. मीच त्याला ग्लुकोज पाजलं होतं.

मी आडवळण घेतलं नाही. "तू केलंस का रे?"

त्याला राग आला नाही. इथल्या मुलांना राग यायला सवड नसते. "कशासाठी, मेट्रन? ती आजारी पडली, तिसाव्या बाकावर गेली. तिला वर यायलाच दोन आठवडे लागले असते. मला तसाही निवांतपणा होता."

"निर्लज्ज आहेस."

"खरं सांगतोय. आणि मला तिला अडकवायचं असतं ना, तर मी लिफाफा तिच्या पेटीत टाकला असता. पेटी तिच्याबरोबर फिरते. बाक थोडंच फिरतं?"

एवढं बोलून तो पुन्हा पुस्तकात गेला. मी दोन पावलं टाकली आणि थांबले. वाक्य कुठेतरी टोचलं होतं, पण काटा सापडेना.

गणिताचे सर खोलीचं दार लोटून बसले होते. किल्लीचं विचारताच त्यांनी कोट काढून माझ्यापुढे धरला. किल्ली आतल्या खिशात, सेफ्टी पिननं टोचलेली.

"दिवसभर कोट अंगावर असतो, मेट्रन. उकडलं तरी. ती मुलगी वह्या ठेवून गेली तेव्हाही होता."

"हे मोठ्या बाईंना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "एक गोष्ट आहे. माझं नाव मध्ये आणू नका, माझी दोन मुलं इथेच खालच्या वर्गात आहेत. सील फोडलंय, ते बरोबर. पण आत तीस प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, मी स्वतः दोऱ्यानं बांधतो, दुहेरी गाठ मारून. ती गाठ जशीच्या तशी आहे. घडीसुद्धा उलगडलेली नाही."

"म्हणजे पेपर कुणी वाचलाच नाही?"

"ज्यानं नेला त्याला प्रश्न नकोच होते," सर म्हणाले आणि कोटाची बटणं लावू लागले.

मला त्यांची कीव आली आणि चीडही आली. हे सगळं त्यांना सकाळी साडेआठलाच माहीत होतं.

५

दीड वाजता परत आले तर आजारखोलीत सावकाश स्टुलावर उभा राहून भिंतीवरचं घड्याळ उघडत होता. सावकाश म्हणजे घड्याळजीचा मुलगा. जेवण सावकाश, चालणं सावकाश, गणित तर इतकं सावकाश की चौथ्या प्रश्नाला घंटा होते. सोडवलेले तीन मात्र बिनचूक असतात. सलग नऊ आठवडे तो तिसाव्या बाकावर होता. माझं घड्याळ बंद पडून महिना झाला होता, तेव्हा सुटीच्या तासात येऊन दुरुस्त करतो असं त्यानं आठवड्यापूर्वी कबूल केलं होतं. सकाळी एवढं रामायण घडूनही आला.

खारूताई त्याला स्क्रू धरून देत होती. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हती.

"तुझं जुनं बाक ना रे ते?" मी विचारलं.

"हो. शनिवारी एकोणतिसाव्या बाकावर आलो." तो घड्याळाच्या आतच बघत होता. "पहिल्यांदाच पुढे सरकलो. हिच्या तापामुळे."

"बदली झाली हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना, मेट्रन. शनिवारी रात्री जेवायला तसेच बसलो. वाढणाऱ्यांनासुद्धा माहीत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी."

"आणि तुझ्यावर कुणाचा राग?"

"राग नाही." त्यानं एक चाक फुंकर मारून पुसलं. "बाबांना दोनदा बोलावलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, याला फॉर्म भरायच्या आधी घेऊन जा, हा शंभर टक्क्यांत बसत नाही. बाबांनी नाही म्हटलं. म्हणाले, घड्याळ मागे पडतं म्हणून मी गिऱ्हाइकाला ते फेकून द्यायला सांगत नाही."

कायमचं वाक्य तेव्हा मला पुरतं टोचलं. पेटी फिरते, बाक फिरत नाही. खारूताईवर दावा असणाऱ्यानं पेटी शोधली असती. लिफाफा चिकटवणाऱ्याला खारूताई नकोच होती. त्याला तिसाव्या बाकावरचं मूल हवं होतं, आणि ते मूल कोण हे त्यानं चुकीचं धरलं होतं.

मी टेबलापाशी गेले आणि खिळ्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून उपसल्या. कापूस. भाजलेला हात. आणि तिसरी, मोठ्या बाईंच्या उभ्या अक्षरातली, खाली सही. कोपऱ्यात माझ्या सवयीप्रमाणे मीच लिहिलेली वेळ : रविवार, सहा दहा. काल घाईत टोचताना नावाकडे बघितलंही नव्हतं.

'खालील विद्यार्थ्याचे आरोग्यपत्रक उद्या सकाळी ऑफिसात पाठवावे.' आणि त्याखाली सावकाशचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

सावकाशनं स्टुलावरून वाकून माझ्या खांद्यावरून पाहिलं. मग तो पुन्हा वळून घड्याळाचा काटा बसवू लागला.

६

"बाई," मी दार लावून घेतलं, "काल संध्याकाळी तुमच्या समजुतीनं तिसाव्या बाकावर कोण बसत होतं?"

मोठ्या बाईंची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. त्यांना ती आवरता आली नाही.

मी खुर्चीत बसले. बावीस वर्षांत त्यांच्यासमोर न विचारता बसण्याची ही पहिलीच वेळ. "शनिवारी दोनला यादी लागली. रात्रीपर्यंत स्वयंपाकघराला माहीत होतं, सफाईवालीला माहीत होतं, सरांनी तर यादी स्वतः केलेली. माहीत नव्हतं फक्त एका माणसाला. जो शनिवारी बाहेरगावी होता, जो मुलांबरोबर जेवत नाही, आणि जो हा फळा बघून बाक मोजतो. हा फळा आज दहा वाजेपर्यंत मागच्या आठवड्याचा होता. दाराकडून झडती घ्या असं तुम्हीच म्हणालात. बाक उलटं झालं आणि बाजूला खारूताई उभी दिसली. तेव्हा तुम्ही पांढऱ्या पडलात, ते दुःखानं नव्हे."

"हा सगळा तर्क झाला."

"ही चिठ्ठी तर्क नाही." मी ती वर धरली, हातातून सोडली नाही. "आरोग्यपत्रक फक्त शाळा सोडणाऱ्या मुलाचं निघतं. सावकाश शाळा सोडणार हे तुम्हाला काल संध्याकाळी सहा दहालाच ठाऊक होतं. लिफाफा सापडला त्याच्या चौदा तास आधी. कसं?"

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग हसल्यासारखं केलं. "आज बाराच्या गाडीनं त्याला पाठवायचं होतं. कागद आदल्या दिवशी तयार ठेवायची सवय. तीच नडली."

"ती मुलगी समोर दिसल्यावर तरी थांबायचं होतं!"

"एकोणतीस मुलांनी पाहिलं होतं, मेट्रन. त्या क्षणी काय सांगणार होते? लिफाफा चुकीच्या बाकाखाली लागलाय?"

मला शिसारी आली. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर अर्धंच बरोबर असावं तशी.

"एकोणीस वर्षांत बत्तीस मुलं फॉर्मच्या आधी गेली. बत्तीस पत्रकं तुम्ही स्वतः आणून दिलीत. खाली कारण तुमच्या अक्षरात आहे. काय लिहायचात?"

"पालकांची इच्छा."

"मी सांगितलं होतं तसं लिहायला?"

नव्हतं सांगितलं. मी आपणहून लिहीत आले होते. मुलं माझ्या खोलीत पेटीवर बसून रडायची, मी त्यांना पाणी द्यायचे आणि खाली लिहायचे, पालकांची इच्छा. त्यांच्या पालकांना मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. "चिठ्ठी द्या. मुलगी राहील. मुलगाही राहील. लिफाफा कारकुनाच्या हातून गहाळ झाला, असं मी उद्या प्रार्थनेच्या वेळी सांगेन."

"आधी मुलीचं लिहून द्या."

त्यांनी लिहिलं. निर्णय रद्द, विद्यार्थिनी निर्दोष, सही, शिक्का. साडेतीन वाजून गेले होते आणि शिंपी कोणत्याही क्षणी येणार होता. मी तो कागद घेतला आणि चिठ्ठी दिली. त्यांनी तिचे चार तुकडे केले, टोपलीत टाकले आणि टेबलावरची पट्टी सरळ केली.

७

खारूताईचे वडील आले तेव्हा त्यांच्या गळ्यात अजून मापाची टेप होती. काढायचं भानच राहिलं नव्हतं. मी कागद वाचून दाखवला. ते खुर्चीवर बसले आणि टेपनं डोळे पुसले. खारूताईनं कागद स्वतः दोनदा वाचला.

"म्हणजे मी राहिले?"

"राहिलीस."

"तिसावीच ना पण?" तिनं विचारलं. "शनिवारच्या चाचणीला पाचच दिवस आहेत."

आणि वडिलांना टाटा करून ती अभ्यासिकेकडे पळाली. मी तिला वाचवलं होतं, आणि कुठे परत पाठवलं होतं ते तिच्या पाठमोऱ्या पळण्यात दिसत होतं.

वळले तर दारात सावकाश. हातात पत्र्याची पेटी.

"माझं पत्रक द्या, मेट्रन. बाबा गेटवर आहेत."

"कशाला? तूही राहणार आहेस. बाईंनी कबूल केलंय."

"लिहून दिलंय?"

मी सकाळी सोडलेला एप्रन उचलून अंगावर चढवला.

"चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे?"

मी त्याला खोटं सांगू शकले असते. "नाही," मी म्हटलं. "ती देऊन हिचा कागद घेतला."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "बरोबर आहे. हिचा वेळ संपत आला होता." मग त्यानं पेटी खाली ठेवली आणि गणित मांडावं तसं एकेक सांगू लागला. "लिफाफा निघाला तेव्हाच मला कळलं. नऊ आठवडे ते माझं बाक होतं. सव्वाआठला बाबांना फोन केला. घराजवळच्या शाळेत ते बोलून आलेत, तिथे उद्या बारापर्यंत फॉर्म घेतात. इथे थांबलो आणि उद्या माझा फॉर्म पाठवायचा चुकून राहिला, तर कुणाला विचारायचं? आणि पुढच्या वेळी मोठ्या बाई बाक नीट बघतील."

"सकाळपासून माहीत होतं तर बोलला का नाहीस? मी दिवसभर पायपीट केली!"

"सांगणार होतो. पण बाई म्हणाल्या असत्या, तूच चिकटवलास. तुमच्यावर विश्वास ठेवतात सगळे." त्यानं भिंतीकडे पाहिलं. "शिवाय घड्याळ अर्धं उघडलेलं होतं."

शाळेनं ज्याला मंद ठरवलं त्यानं पंधरा मिनिटांत उत्तर काढलं होतं. मला दुपार लागली, आणि त्यातही शेवटची पायरी मी चुकले.

मी खण ओढला आणि त्याचं पत्रक काढलं. उंची, वजन, डोळे उत्तम. खालच्या रकान्यापाशी माझा हात सवयीनं 'पा' लिहायला गेला. थांबवला. लिहिलं : 'शाळेने घालवले. मुलाचा दोष नाही.' खाली सही केली आणि वेळ घालायला वर पाहिलं. घड्याळ चालू होतं. चार बावीस.

त्यानं ते सावकाश वाचलं. "ऑफिसात हे चालणार नाही, मेट्रन."

"ऑफिसात जाणारच नाही. तुझ्या हातात देतेय."

गेटपर्यंत मी त्याची पेटी धरली. घड्याळजींनी मला नमस्कार केला, मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

निकाल लागला तेव्हा पाटीवाल्याला बोलावून एकोणीसचं वीस करून घेतलं. कायम पहिला आला, खारूताई दुसरी, आणि तिनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. आठवड्यानं माझ्या नावे एक कार्ड आलं. अक्षर सुबक, एकेक ओळ वेळ घेऊन लिहिलेली. तो सगळ्या विषयांत पास झाला होता, गणितातसुद्धा. घड्याळ मागे पडत असेल तर कळवा, असं खाली लिहिलं होतं.

इथे राहिला असता तरी आमचे शंभरच टक्के लागले असते. ते कार्ड मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी ते वाचलं, कडा जुळवून फाइलला लावलं आणि मला विचारलं, यंदाच्या तिसाव्या मुलाची तब्येत कशी आहे.